चष्म्यासकट चंद्र

अमोलच्या दुर्बिणीतून त्याच्या आईला चंद्र कायम चतकोरच दिसायचा. जाड चष्मा मध्ये यायचा, डोळा भिंगापासून लांब राहायचा आणि चष्मा काढायला इंदुबाई काही तयार नसत. शेवटी अमोलने तीन महिने डोकेफोड करून चष्मेवाल्यांना सोयीचा, अख्खा चंद्र मावेल असा रुंद आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, मागवला आणि संकष्टीला रामवाडीच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण मांडली.

चंद्र उगवला. दिवसभर उपाशी असलेल्या इंदुबाईंनी चष्म्यासकट डोळा लावला. काच कुठेच आपटली नाही.

“आये, अख्खा दिसतो का गो?” अमोलने विचारलं.

“व्हय रे. आता गप ऱ्हा जरा, नीट दर्शन घेऊ दे,” म्हणत आईने हात जोडले...



आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले.