सावकाश ओढलेली रेष

"काठी नका टेकवू, काका. काच आहे ती," दुकानदार म्हणाला.

"टेकवल्याने फुटत असेल तर विकायला कशाला मांडलीत?" पेंटर म्हणाले, आणि त्यांनी काठी टेकवलीच.

हातभर काठी, टोकाला चिंध्यांचा गोळा. पाटी रंगवताना मनगट तिच्यावर ठेवायचं, म्हणजे ब्रश ढळत नाही. ती दुकानात नेऊ नका, असं त्यांच्या मुलीने घरून निघताना आईकरवी बजावलं होतं. आईने दारात सांगितलं, जिन्यात सांगितलं. आता मुलगी शेजारी उभी राहून भलतीकडेच बघत होती, जणू हा माणूस कोण, कुठला, तिला ठाऊकच नाही.

टेबलावर पेनने चित्रं काढायचे दोन स्क्रीन होते. एक अगदी स्वस्तातला, दुसरा त्याहून थोडा वरचा. सोमवारी तिची एका कार्टूनच्या कंपनीत परीक्षा होती आणि स्वतःचा स्क्रीन घेऊन या, असं त्यांनी कळवलं होतं. पैसे पेंटरांचे. अट एकच : त्यांच्या हाताला पटेल तो घ्यायचा, नाही पटला तर कुठलाच नाही.

ही अट त्यांनी आईमार्फत कळवली होती. त्यांनी रंगवलेल्या दवाखान्याच्या पाटीवरची दोन अक्षरं मुलीने त्यांच्या माघारी नीट केली, ते त्यांनी पकडलं, आणि "तुमचा हात हलतो" असं ती तोंडावर बोलून बसली. त्याला तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून मीठसुद्धा दोघं आईकडूनच मागत.

पेंटरांनी स्वस्तातल्या स्क्रीनवर पेन ठेवलं आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी रेष ओढली. अगदी सावकाश, एका श्वासात. झरकन ओढली तर कुणाचीही रेष सरळ येते. हळू ओढली की खरं काय ते दिसतं.

रेष नागमोडी आली.

दुकानदार हसला. "मशीन ठणठणीत आहे, काका. हात हलतोय तुमचा."

पेंटरांची मान लाल झाली. त्यांनी काठी उचलली.

"चल," ते मुलीला म्हणाले. तीन आठवड्यांतला तिच्याशी बोललेला पहिला शब्द. "झाली तुझी परीक्षा."

मुलगी हलली नाही. तिने गल्ल्याजवळची प्लॅस्टिकची पट्टी ओढून घेतली, स्क्रीनवर तिरपी धरली आणि तिच्या कडेने पेन सावकाश खाली आणलं. रेष तशीच आली. नागमोडी.

"पट्टीचाही हात हलतो का हो?"

दुकानदाराचं तोंड उतरलं. "स्वस्तातला माल आहे. तिरप्या रेषेला थोडं होतं असं."

"मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं?" पेंटर गरजले. पलीकडच्या काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

दुकानदाराने दुसरा स्क्रीन धुसफुसत पुढे ओढला. ओढता ओढता वरच्या कोपऱ्यात त्याने बोट टेकवलं. पेंटर काठी लावण्यात गुंतले होते. मुलीने पाहिलं. तिथे एक आकडा असतो. तो वाढवला की हललेली रेष प्रोग्राम स्वतःच सावरून घेतो. शून्याचे त्याने पंधरा केले होते.

पेंटरांनी रेष ओढली. ताणलेल्या दोऱ्यासारखी आली.

त्यांनी रेषेवरून नजर फिरवली. मग मुलीकडे वळले.

"बघितलंस? डोळे असतील तर बघ. हात हलतो म्हणे! स्वतःचं एक अक्षर धड उभं राहत नाही अजून, आणि निघाली बापाची अक्षरं पुसायला."

खरं दाखवून द्यायला एका बोटाचं काम होतं. मुलीने ते बोट कोपऱ्यात नेलं आणि पंधराचं शून्य केलं. पट्टी धरली, पेन सावकाश खाली आणलं. रेष सरळ आली. स्क्रीन चांगला होता.

"आता काय चाललंय?"

"तपासतेय."

"मी काढली ती दिसली नाही वाटतं? आण इकडे. अजून एक काढून दाखवतो."

त्यांनी हात पुढे केला. मुलगी क्षणभर पेन धरून उभी राहिली. मग तिने शून्याचे पुन्हा पंधरा केले आणि पेन त्यांच्या हातात दिलं. दुकानदाराने ते पाहिलं. दोघांची नजरानजर झाली.

ही रेष पहिलीपेक्षाही सरळ आली.

"हाच बांधा," पेंटर म्हणाले. "ह्याला हात कळतो."

दुकानदाराने खोकं बांधलं आणि वॉरंटीचा कागद पुढे सरकवला. "इथे सही, काका."

पेंटरांची सही गावातल्या पाट्यापाट्यांच्या खालच्या कोपऱ्यात होती. एका फटक्यात काढलेली, शेवटी लांब शेपूट. त्यांनी काठी बगलेत धरली आणि दुकानदाराचं पेन कागदावर टेकवलं. पहिलं अक्षर बरं उठलं. शेपूट मात्र डुगडुगत, अडखळत कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

पेंटर सहीकडे बघत राहिले.

"पेन भिकार ठेवता तुम्ही," ते म्हणाले.

"असं?" दुकानदार म्हणाला. "मग लावून बघू या का पट्टी?" आणि त्याने पट्टीकडे हात नेला.

पट्टीवर मुलीचा पंजा होता. त्याने ओढून पाहिली. सुटली नाही.

"दुसरं पेन द्या त्यांना," मुलगी म्हणाली.