बर्फ वितळायच्या आत

“आधी बाबाचं बोट,” जरघुना म्हणाली. धिप्पाड सुताराने मुकाट्याने डावी करंगळी पुढे केली.

तिने त्याच्या नखावर जांभळी शाई फासली. ते पाहून मांडीवरच्या पोरीने रडं आवरलं, आ वासला, पोलिओचे दोन थेंब गिळले आणि मग स्वतःची करंगळी ऐटीत पुढे केली. थेंब मिळाल्याची ती खूण. शाईला घाबरणाऱ्या पोरांसाठी ही युक्ती जरघुनानेच काढली होती, आणि नदीच्या दोन्ही काठांवरच्या पथकांनी ती उचलली होती.

“महिनाभर निघत नाही ही, अदे. बाजारात लोक हसतात.”

“हसू देत. पोरगी धावायला लागेल तेव्हा तू हस.”

अदे म्हणजे आई. सगळं खोरं तिला तेच म्हणायचं. साठीची सुईण ती. इथली अर्धी माणसं तिच्याच हातांत जन्मली होती. तिच्या संस्थेचा दवाखाना वीस वर्षं चालू होता. तेवढ्या काळात सरकारं बदलली, बंदुका घेऊन फिरणारे बदलले. दवाखान्याला टाळं मात्र लागलं नाही, कारण टाळं लावायला येणाऱ्याशी जरघुना चहाची किटली रिकामी होईपर्यंत भांडायची.

आजचं भांडण तोरजानशी होतं. तो पुढच्या स्पिनकलाय गावाचा कमांडर. थेंबवाल्यांनी गावात कोणालाही थेंब पाजायचे नाहीत, असा त्याने हुकूम काढला होता. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्याच गावात गिरणीवाल्याच्या मुलाचे पाय लुळे पडले होते. स्पिनकलायमध्ये दीडशे पोरं होती, आणि थेंब गार ठेवायला कंदाहारहून आणलेला पेटीतला बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकणार होता.

तोरजानने तिला अंगणात तुतीच्या झाडाखाली सतरंजीवर बसवलं. त्याचे चार बंदूकवाले भिंतीला टेकून ऐकत होते. उन्हातही त्याने शाल अंगभर लपेटली होती. एका हाताने त्याने तिच्या पेल्यात चहा ओतला.

“ताप आहे का रे?”

“नाही, अदे. चार दिवस नदीपलीकडे सासुरवाडीला होतो, कालच परतलो. दमलोय.”

“मग चटकन हो म्हण आणि झोप. दारोदार फिरत नाही मी. मशिदीपाशी बसते, बायका पोरांना आणतील.”

“वरून हुकूम आहे. थेंबांच्या नावाने हे लोक घरं मोजतात, मग आकाशातून बाँब पडतात.”

“माझ्या मागून कधी पडला? तू पायाळू आलास, दोन रात्री माझा जीव काढलास, तेव्हा मी तुझं घर मोजत बसले होते काय?”

भिंतीपाशी कोणीतरी फिसकन हसलं. तोरजान हसला नाही.

“नाही म्हणजे नाही, अदे.”

“गिरणीवाल्याचा पोरगा पाहिलास?”

“पाहिला.”

“आणि तुझी लेक? तिला काय सांगशील?”

“जो हुकूम गावाला, तोच माझ्या घराला.” तोरजान भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाला, “माझ्या लेकीला वेगळा कायदा नाही.”

चौघा बंदूकवाल्यांनी माना डोलावल्या. जरघुनाला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा कीव जास्त आली. हुकुमापायी पोटच्या पोरीचे पायही पणाला लावणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कशावर?

तरी तिने सोडलं नाही. देवाची आण घातली, त्याच्या गेलेल्या आईचं नाव काढलं, चिडली, चुचकारलं. किटली दोनदा भरून आली आणि दोनदा रिकामी झाली. तोरजान जागचा हलला नाही. शेवटी तिने पेटीचं झाकण उघडून आत हात घातला. बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं.

“उद्या येईन,” ती म्हणाली. “परवाही येईन.”

“ये ना. चहा मिळेल.”

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पेटीचा पट्टा खेचू लागली. कंबरेत कळ आली तशी ती कण्हली. पाहुणी आलेल्या म्हातारीने आपलं ओझं आपण उचललं, तर इथे यजमानाची अब्रू जाते.

“थांब, अदे!” तोरजान धावला. शाल खांद्यावरून घसरली. त्याने दोन्ही हातांनी पेटी उचलून तिच्यापुढे धरली.

जरघुनाने पेटी घेतली नाही. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मग शांतपणे पुन्हा सतरंजीवर बसली, रिकामा पेला पुढे सरकवला, आणि भिंतीपर्यंत पोचणार नाही अशा आवाजात म्हणाली,

“लेकीने सरळ करंगळी दिली का रे? की आधी तुझं नख रंगवावं लागलं?”