टोचणी चुकवताना

मालवणात देवीची साथ आली म्हणून लस टोचणारे वाडीत शिरले, तशी सत्यभामा चार वर्षांच्या बाबल्याला कडेवर घेऊन मागच्या दाराने शेजारच्या जनाक्काकडे पळाली. टोचले की पोराचा हात सुजतो, ताप भरतो; तिला ते बघवत नसे.

जनाक्काच्या दाराला कडुलिंबाची डहाळी नव्हती, म्हणजे तिच्या घरात देवी आलेली नव्हती. "हंय नको गो," जनाक्का म्हणाली, पण तोवर पोराला माजघरात सोडून सत्यभामा आपल्या घरी परतलीही होती.

टोचणारे गेल्यावर ती त्याला न्यायला धावत आली. बाबल्या जनाक्काच्या मुलाला बिलगून एकाच चटईवर झोपला होता. उचलला, तर त्याच्या पाठीला चटईवर अंथरलेला कडुलिंबाचा पाला चिकटलेला.

"डहाळी बांधूक नाय," जनाक्का आपल्या मुलाकडे बघत म्हणाली. "झिलाक धरून इस्पितळात न्हेतीत म्हणान भियालंय."