मेकॅनिकची वही

"अगं, मग उद्या टेम्पो घेऊन येऊ की नको? एक काय ते सांग बाई," ताई फोनवर वैतागली होती. "तो टेम्पोवाला माझं डोकं खातोय."

"संध्याकाळपर्यंत सांगते."

"तीन महिने हेच ऐकतेय मी!"

ताईचं काही चुकत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीचा हात नवऱ्याने पिरगळला होता, हाड मोडेपर्यंत. हाताला प्लास्टर घातलेली बायको त्याला ओढत समुपदेशन केंद्रात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि नवऱ्यापुढे दोनशे पानी वही सरकवली. रोज एक पान लिहायचं, मनात येईल ते. दर सोमवारी आणून दाखवायचं. बायकोने वाचायचं नाही. तीन महिन्यांनी राहायचं की निघायचं, हे तिने ठरवायचं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. पेन हातात धरायचा तो फक्त देखभालीचं रजिस्टर भरायला. केंद्रातून बाहेर पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "परक्या बाईसमोर अब्रू काढलीस माझी."

पण वहीने कमाल केली, खोटं कशाला बोला! पहिला आठवडा पेन चावण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात अर्धं पान झालं. मग गडी चहाच्या आधी वही मागायला लागला. त्याला शांत झोप लागायला लागली. ब्लडप्रेशर उतरलं, डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. ताट भिरकावणं थांबलं. पार्किंगवरून शेजाऱ्याशी जुंपली, तेव्हाही तो मुकाट्याने वर आला आणि लिहीत बसला.

"लिहिलं की डोक्यातला गुंता सुटतो बघ," तो एकदा म्हणाला. "आधी मी नुसता भडकायचो आणि हातून भलतंच व्हायचं. आता काय आधी करायचं, काय नंतर, सगळं लख्ख दिसतं."

एक पान तर त्याने आपणहून वाचून दाखवलं. 'आज तिने न सांगता माझ्या शर्टाची बटणं लावली. मी काहीच बोललो नाही. उद्या बोलेन.' आणि दुसऱ्या दिवशी खरंच बोलला! बायको स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली.

आज तीन महिने पुरे झाले होते. पलंगाखाली बॅग भरलेली होती. राहिली आणि पुन्हा हात उगारला तर? गेली आणि बदललेला माणूस हातचा गेला तर? सकाळपासून तिच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती.

त्यात आज निघताना नवरा दारात घुटमळला होता.

"संध्याकाळी ये ना नव्या बिल्डिंगवर. बाविसाव्या मजल्यावरून सगळं शहर दिसतं. अजून कुणी राहायला आलेलं नाही."

"मी? कामावर?"

"साडेपाचला ये. चौदाव्यापर्यंत एक लिफ्ट आहे. तिथे उतर, समोरच दुसरी. ती मी वरून पाठवतो. दार उघडलं की पटकन आत शिर. लगेच मिटतं ते."

अकरा वर्षांत तो तिला कुठे फिरायला घेऊन गेला नव्हता.

दुपारी टेबल पुसताना वही हाताला लागली. वाचायचं नव्हतंच. पण हा रोज लिहितो की थापा मारतो, एवढं तरी कळायला नको? तिने मजकुरावर तळहात ठेवला आणि नुसत्या तारखा बघत पानं उलटली. सोमवार, मंगळवार, बुधवार. आजचा गुरुवार. मग शुक्रवार. शनिवार. रविवारसुद्धा!

ती खो खो हसत सुटली. रजिस्टरचंही तो हेच करायचा. एक तारखेला बसून अख्खा महिना भरून टाकायचा: दोर ठीक, ब्रेक ठीक, दार ठीक. "लिफ्टला बिघडायचं तेव्हा ती बिघडतेच," वर हे शहाणपण!

"चोर कुठला," ती स्वतःशीच म्हणाली. क्षणभर रागही आला. पण मग तिला वाटलं, बाईंना दाखवायला का होईना, लिहितोय ना? आणि रविवारपर्यंतचं लिहून ठेवणारा माणूस रविवारी घरीच असणार. तिचं मन एकदम निवलं.

तिने फोन लावला. "ताई, टेम्पो नको."

"वाचलंस का त्याचं?"

"नाही. ते त्याचं आहे."

"बघ हं. नंतर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"नाही येणार गं!"

बॅगेतले कपडे तिने कपाटात परत लावले. त्यातला निळा ड्रेस तेवढा बाहेर ठेवला. पाच वाजता तो घालून, केस नीट विंचरून ती निघाली. उशीर नको म्हणून रिक्षाच केली.

वही टेबलावरच होती. शुक्रवारच्या पानावर, तिच्या तळहाताखाली आलं होतं ते एवढंच: 'काल ती गेली. चौदाव्या मजल्यावर दार उघडलं, पण लिफ्ट वरच अडकली होती. ती घाईघाईने आत शिरली. पोलीस म्हणाले, तुमचा यात काही दोष नाही.'