नमुना

"तुमच्या जपानी गाडीच्या इंजिनाचा हेड आलाय बघा," असा भंगारवाल्या नदाफभाईंचा फोन आला आणि शिंत्र्यांनी पहिल्याच एसटीनं कोल्हापूर गाठलं. खांद्यावरच्या पोत्यात त्यांच्या गाडीचा तडकलेला हेड होताच. नमुना दाखवल्याशिवाय या बाजारात काही मिळत नाही. तो वाहून वाहून खांदा कामातून गेला, गाडी मात्र अजून विटांवरच उभी होती.

भाईंनी फळीवरून हेड उतरवला. तोच आकार, तीच जपानी अक्षरं. शिंत्र्यांचा जीव भांड्यात पडला. मग सवयीनं त्यांनी बोट फिरवलं आणि ते मधोमध अडकलं. तडा, अगदी त्यांच्या हेडला होता तिथेच.

"हात्तिच्या! म्हणजे हा विट्याच्या मास्तरांनी नमुन्याला ठेवलेला," भाई ओशाळले. "मला वाटलं, विकायला आणलाय. ते बघा, मास्तर आलेच."

दारातल्या म्हाताऱ्या मास्तरांची नजर शिंत्र्यांच्या पोत्यावर, त्यातून डोकावणाऱ्या हेडवर खिळली. चेहरा एकदम उजळला. "तुमच्याकडे आहे? विकणार?"

शिंत्र्यांनी पोत्याचं तोंड आवळलं आणि ते बाकाखाली सरकवलं.

"आधी बसा, मास्तर," ते म्हणाले. "चहा घेऊ."