मांजराच्या स्टेशनातली गाडी

स्टेशनमास्तरच्या खुर्चीत टोपी घातलेलं मांजर बसलं होतं, आणि नवसाबाईला काही म्हणजे काही उमगेना.

"हे काय रं, ललित?"

"स्टेशन आहे, आई! इथले मालक जपानला जाऊन आले. तिकडं एका खेड्यात असंच मांजराच्या तोंडाचं स्टेशन पाहिलं म्हणे, आल्यावर स्वतःच्या द्राक्षबागेत बांधून टाकलं."

नवसाबाईनं वर पाहिलं. छपराला खरंच दोन कान होते. जपान बिपान तिच्या डोक्यावरून गेलं. स्टेशन तेवढं ऐकू आलं, आणि तिनं हातातली पिशवी घट्ट धरली.

दिवाळी ते संक्रांत धाकट्या ललितकडं, पुढं जळगावला थोरल्या कारभारीकडं, असं भावाभावांनी वाटून घेतलेलं. संक्रांत झाली की म्हातारीला नाशिकरोडला गाडीत बसवून द्यायचं. यंदा मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. तीही गप्प राहिली. न जाणो, विसरले असतील तर बरंच! नातीला, सृष्टीला सोडून जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण काल ललित म्हणाला, "उद्या लवकर आवर, आई. एक गंमत आहे." झालं! कसली गंमत, ते तिनं ओळखलं. मुकाट्यानं पिशवी भरली.

मोटार गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागली तशी मात्र ती चक्रावली. नाशिकरोड तर पाठीमागं राहिलं. मग हे कुठलं ठेसन?

"शुभांगी, तिकीट काढलं का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"काढलं की! त्यात जेवणसुद्धा आहे."

"जेवण बी? मग लय लांबचं दिसतंय."

फलाटाला लाल रंगाचा एकच डबा उभा होता. सृष्टीनं आजीला हात धरून खिडकीशी बसवलं आणि टुणकन खाली उडी मारली. तिथली हिरवी झेंडी घेऊन ती जोरजोरात हलवायला लागली.

"आजी, टाटा!"

नवसाबाईला भरून आलं. तिघं फलाटावर, ती एकटीच डब्यात.

"हस की जरा, आई!" ललितनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"हसते बाबा. पण पोरीला गोष्ट सांगत जा. तिला त्याबिगर झोप लागत नाय."

ललितनं कॅमेरा खाली घेतला. "पिशवीत काय आणलंस गं?"

"लुगडी, गोळ्या, तुझ्या बापाचा फोटू. माझं काय बी राह्यलं नाय तुमच्याकडं."

शुभांगीनं नवऱ्याकडं पाहिलं. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"अगं, खोटी गाडी आहे ही! मुलांना खेळायला. ते बघ, रूळ तिथं वेलींपाशी संपलेत."

नवसाबाईनं खिडकीतून वाकून नीट पाहून घेतलं. संपले होते खरे.

"म्हंजे कुठंच जात नाय?"

"कुठंच नाही."

"जळगावला बी नाय?"

"नाही गं, ती परवाची," ललित बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

नवसाबाईनं मान डोलावली. उठून पिशवी वरच्या फळीवर ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि बाकावर ऐसपैस मांडी घातली.

"मग मला हिच्यातच राहू दे."