नायलॉनची पोरां

"तुमका खरां वाटाचां नाय," गंगारामाने सुरुवात केली, आणि शेजारच्या महादूने आधी विडी पेटवून घेतली. गंगारामाची खरी गोष्ट विडीभर तरी चालायचीच.

तारकर्लीच्या माडांखाली दोघं जाळं विणत बसले होते. मुंबईहून नायलॉनचा धागा आला होता, दोघांच्याही हाताला नवा. गंगारामाने मारलेली गाठ क्षणभर गप्प बसायची आणि हळूच सुटायची. समोर त्याची नात शेवंती ट्रंकेची कडी धरून उभी होती. मुंबईच्या इस्पितळातून नर्सिंग शिकायला बोलावणं आलेलं. दुपारची बोट मालवणहून सुटणार होती, आणि आजोबाची मान काही होकारार्थी हलत नव्हती.

"शाळेचे मास्तर ह्या पोरांका स्वराज्याची पिढी म्हणतत," महादूने काडी टाकली.

"स्वराज्याची कसली? नायलॉनची!" गाठ पुन्हा सुटली तसा गंगारामाला शब्द सापडला. "आमी सुताची. बापाशीन झाडाच्या सालीच्या काढ्यात सूत उकाळल्यान, तो रंग मरासर जावचो नाय. ह्यांका रंग चढना नाय, गाठ बसना नाय. रव म्हटला की सुटली!"

"आजा, मी पळान जातंय काय? शिकाक जातंय. तीन वर्सांनी येतंय."

"आयक गो. मी तुज्याएवढो होतंय. बापूस दर्यातल्या खडपार चिकाटलेली कालवां काढी होतो. माका म्हणालो, हंयच उभो रव. आणि तोच विसारलो! भरती इली, ओहोटी गेली. चार दिवस गळ्याइतक्या पाण्यात उभो, पण पाय हलवूक नाय. शेवटाक पायाकच कालवां धरली. बापाशीन तीं सुऱ्येन काढल्यान, नि घराकडे नेऊन रांदल्यान!"

त्याने धोतर सारून नडगीवरचा लांब पांढरा वण दाखवला.

"ह्यो बघ. बापाशीचो शब्द म्हणजे असो."

महादूची विडी विझली होती. शेवंती त्या वणाकडे बघत राहिली. मग तिने ट्रंकेची कडी सोडली.

पलीकडे गंगारामाची थोरली बहीण हौसाबाई उन्हात बांगडे सुकवत होती. तिने मान वर केली नाही.

"गंग्या, खोटां किती बोलशीत रे पोरीकडे? ता कालवांचा नाय. मचव्यात उडी मारताना फळी लागली तुका. बापूस किनाऱ्यार हाका मारी होतो, नि तू मुंबईक पळालंस."

गंगाराम धोतर खाली ओढू लागला. हौसाबाईने एक बांगडा उलटा केला.

"बोचकी दोन होती. तुजां मीया मचव्यात फेकलंय. माजां हातातच रवलां."